यंत्राचा कारभारी

कारखान्यात पाहुणा म्हणून जाणाऱ्याला मोटार दिसते, पट्टा दिसतो, गरगर फिरणारी चाके दिसतात. पण मोटार कधी सुरू व्हायची, झडप कधी उघडायची, पट्टा कुठे थांबायचा, हे ठरवणारा कारभारी त्याला दिसत नाही. तो भिंतीलगतच्या राखाडी रंगाच्या लोखंडी कपाटात बसलेला असतो. कारखान्यात त्या कपाटाला पॅनेल म्हणतात. या कारभाऱ्याची नेमणूक कशी करावी, हा प्रश्न नवे यंत्र घेणाऱ्या प्रत्येक लहान-मोठ्या कारखानदारापुढे असतो. नेमायचा कोणाला? वर्षानुवर्षे चालत आलेल्या पीएलसीला, की संगणकाला?

मी कवी माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो. पण पोटासाठी बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी धरली. एडवणहून सफाळ्यापर्यंत एसटी आणि पुढे गाडी, असा प्रवास करता करता निम्मे आयुष्य सरले. स्टोअरवाल्याला यंत्र कसे चालते हे कोणी विचारत नाही. पण ते का थांबले, हे त्याला लवकर कळते. कारण यंत्र थांबले की इलेक्ट्रिशियन आधी त्याच्याच खिडकीशी येतो. 'चाचा, त्या पॅकिंग मशीनचं इनपुट कार्ड शिल्लक आहे का?' मी म्हणतो, 'एकच आहे रे बाबा, शेवटचं.' पीएलसी आणि संगणक यांचा हा वाद मी या खिडकीतून पाहिलेला आहे. तेव्हा तो तिथूनच सांगतो.

सुरुवात थोडी मागून करू. पूर्वी पॅनेलमध्ये रिले असत. रिले म्हणजे विजेवर चालणारा छोटा खटका. गुंडाळीत वीज गेली की लोहचुंबक तयार होते, ते पत्र्याची जीभ ओढते आणि दुसरी वाट जोडली जाते. असे शेकडो खटके तारांनी एकमेकांना जोडून 'झाकण बंद असेल आणि टाकी भरली असेल, तरच मोटार चालू' अशी वाक्ये रचली जात. वाक्यात एक शब्द बदलायचा, तर तारा सोडून पुन्हा जोडाव्या लागत. मोटारगाड्यांचे नवे मॉडेल आले की अख्खी पॅनेले भंगारात जात. याला कंटाळून अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीने १९६८ साली रिलेच्या जागी बसेल अशा नव्या साधनाची मागणी केली. डिक मॉर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या संस्थेने ते बनवले. त्यांचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून नाव पडले मॉडिकॉन ०८४. साल १९६९.

आम्हा बोईसरकरांना १९६९ हे साल वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. त्या पिढीतल्या अणुभट्ट्यांची संरक्षण व्यवस्था रिलेंवरच उभी होती. म्हणजे एकीकडे रिलेंवर भिस्त ठेवून अणुवीज तयार होत होती आणि दुसरीकडे त्याच रिलेंना सुट्टी देणारे साधन जन्माला येत होते.

मॉर्लींच्या त्या साधनाच्या वंशजांना आज आपण पीएलसी म्हणतो. प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर हे त्याचे पूर्ण नाव. हा काय करतो? यंत्रावरच्या सेन्सरकडून आणि लिमिट स्विचकडून आलेल्या बातम्या एकदम वाचून घेतो. मग आपल्या पोटातला प्रोग्राम वरपासून खालपर्यंत एकदा तपासतो. शेवटी मोटारींना आणि झडपांना हुकूम देतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. बातमी, विचार, हुकूम. बातमी, विचार, हुकूम. हे एक आवर्तन साधारणपणे काही मिलिसेकंदांत पुरे होते. आपल्या घरातल्या विजेचे एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचे असते. तेवढ्या वेळात साधासा पीएलसीसुद्धा आपली फेरी बहुधा दोन-चार वेळा मारून येतो. शिवाय त्याच्यावर एक पहारेकरी बसवलेला असतो. फेरी ठरल्या वेळेत पुरी झाली नाही, तर तो पीएलसीला थांबवतो आणि हुकूम बंद होतात. या पहारेकऱ्याला वॉचडॉग म्हणतात.

पीएलसीची लिपीही मुद्दाम ओळखीची ठेवली गेली. रिलेचे नकाशे वाचणाऱ्या वायरमनला नवी भाषा शिकावी लागू नये, म्हणून त्याचा प्रोग्राम शिडीच्या आकृतीसारखा लिहितात. दोन उभ्या रेषा आणि मध्ये पायऱ्या. आयटीआय झालेला मुलगा लॅपटॉपवर ती शिडी उघडतो आणि वीज कोणत्या पायरीवर अडली आहे ते डोळ्यांनी पाहतो. पीएलसी जगभर पसरला यात त्याच्या वेगाइतकाच या शिडीचाही वाटा आहे, असे मला वाटते.

आता दुसरा उमेदवार, संगणक. आपल्या घरी किंवा कचेरीत असतो, त्याच जातीचा. स्मरणशक्ती अफाट, गणितात हुशार, चित्रे दाखवणार, हिशेब ठेवणार, पुण्या-मुंबईच्या मुख्य कचेरीला आकडेही पाठवणार. जर्मनीतल्या बेकहॉफ कंपनीने १९८६ साली संगणकावर आधारलेले यंत्रनियंत्रण बाजारात आणले आणि १९९६ साली ट्विनकॅट नावाची प्रणाली दिली. साध्या विंडोज संगणकालाच पीएलसीचे काम करायला लावणारी ही प्रणाली. तेव्हापासून या वादाला खरी धार आली.

या दोघांचा स्वभाव सांगायचा तर पीएलसी हा रेल्वेच्या फाटकावरचा गेटमन आहे. त्याला एकच काम. गाडी आली की फाटक बंद, गेली की उघडे. त्याला विनोद सांगता येणार नाही, पण फाटक चुकणार नाही. संगणक हा तालुक्याच्या कचेरीतला हुशार कारकून. दाखला देईल, हिशेब लिहील, फोन घेईल, साहेबांचे पत्रही टंकून देईल. पण ज्या क्षणी तुमचे काम त्याच्यापुढे येते, त्याच क्षणी तो फोनवर असू शकतो. सरासरीने तो गेटमनपेक्षा कितीतरी चपळ असतो. पण यंत्राला सरासरी चालत नाही. हजार वेळा वेळेवर येऊन एक हजार एकाव्या वेळी अर्धा सेकंद उशिरा आलेला हुकूम यंत्राच्या दृष्टीने चुकलेलाच. कवितेत मात्रा चुकली तर ओळ लंगडते. इथे मात्रा चुकली तर कोणाचे तरी बोट जाते.

पण हा आक्षेप आज जसाच्या तसा उरलेला नाही, हेही सांगायला हवे. ट्विनकॅटसारख्या प्रणालीत संगणकाच्या वेळेचा एक वाटा यंत्रासाठी राखून ठेवतात. विंडोजने तिकडे कितीही धावपळ केली, तरी त्या वाट्याला तिला हात लावता येत नाही. जणू कचेरीतल्या कारकुनाला सांगितले, की तुझा एक कान कायम फाटकाकडे ठेव. अशी व्यवस्था असलेला औद्योगिक संगणक आज एका मिलिसेकंदाच्याही लहानशा भागात फेरी पुरी करतो. तेव्हा 'संगणक वेळ पाळत नाही' असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. पण साधा कचेरीतला संगणक आणून, त्यावर एक प्रोग्राम टाकून यंत्र चालवणे मात्र आजही धोक्याचेच आहे. विकणारा 'पीसी-बेस्ड' म्हणतो तेव्हा या दोहोंपैकी कोणते ते विचारून घ्यावे.

भाषेची भिंतही आता पातळ झाली आहे. १९९३ साली आयईसी ६११३१-३ या नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात यंत्राच्या प्रोग्रामच्या भाषा ठरवून दिल्या, शिडीची भाषाही त्यात आहे. पीएलसी असो वा संगणक, शिडी दोन्हीकडे चढता येते. उलट आजच्या मोठ्या पीएलसीच्या पोटात पाहिले, तर तिथेही संगणकाचाच संसार थाटलेला आढळतो. मग निवडायचे कशावरून? माझ्या मते दोन प्रश्नांवरून. यंत्र मध्येच थांबले तर काय होईल? आणि ते रात्री तीन वाजता थांबले तर चालू कोण करेल?

हे प्रश्न आमच्या किनाऱ्यावर जास्त टोकदार होतात. एडवण, केळवे, सातपाटी, चिंचणी या सगळ्या पट्ट्यात हवा खारी. सायकलची साखळी एका पावसाळ्यात गंजते, तिथे इलेक्ट्रॉनिक्सच्या पाटीचे काय? बोईसरच्या वसाहतीत त्या खाऱ्या हवेत रसायनांच्या वाफा मिसळतात. तांब्याच्या जोडण्या हिरव्या पडतात. उन्हाळ्यात पॅनेल तापते, म्हणून कोणीतरी त्याचे दार उघडून समोर टेबलफॅन लावून ठेवतो. थंडावा मिळतो, पण धूळ, ओल आणि मीठही आत जाते. पीएलसीला पंखा बहुधा नसतो, फिरणारी तबकडी नसते. वीज गेली तर तो निमूट झोपतो, आली की काही सेकंदांत उठून कामाला लागतो. संगणकाला मात्र नीट निजवावे लागते. मध्येच वीज गेली आणि नेमके त्या वेळी तो काही लिहीत असला, तर त्याची स्मृती बिघडू शकते. म्हणून औद्योगिक संगणक वेगळा बनवतात. पंखा नाही, फिरती डिस्क नाही, सोबत छोटी बॅटरी. तो टिकाऊ असतो, पण त्याची किंमतही तशीच असते. स्वस्तात पडावा म्हणून बाजारातला साधा संगणक पॅनेलमध्ये बसवला, तर तो स्वस्तपणा पहिल्याच पावसाळ्यात वसूल होतो.

आता माझ्या स्टोअरमधला मुद्दा. यंत्र वीस वर्षे चालते. त्याचा कारभारी किती वर्षे मिळतो? संगणकाचे मॉडेल दोन-चार वर्षांत बदलते. विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला, विंडोज सातचा १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज दहाचा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. पण ज्या यंत्रांत ती बसवली होती, ती यंत्रे काही त्या दिवशी थांबली नाहीत. ती चालूच राहतात, फक्त त्यांची देखभाल करणारे कोणी मागे उरत नाही. पीएलसीचे आयुष्य जास्त, पण तोही अमर नाही. सीमेन्सचा सिमॅटिक एस-५ हा १९७९ साली आला आणि पुढे इतिहासजमा झाला. त्याच्यानंतर आलेली एस-७-३०० ही मालिका आपल्याकडच्या किती तरी कारखान्यांत आहे. ऑक्टोबर २०२३ पासून कंपनीने तिलाही निरोप द्यायला सुरुवात केली. फरक असा, की पीएलसीवाले निरोपाची सूचना बऱ्याच आधी देतात आणि सुटे भाग पुढेही काही वर्षे पुरवतात. स्टोअरवाल्याला तेवढी उसंत पुरते.

तिसरा मुद्दा रोगराईचा. संगणकाला विषाणू लागतो हे आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या विषाणूने मर्स्क समूहाचे संगणक जगभर बंद पाडले, त्यात आपल्या न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले त्यांचे टर्मिनलही सापडले. कंटेनरची ने-आण खोळंबली. तेव्हा पीएलसी सुरक्षित, असे कोणी म्हणेल. पण २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा विषाणू इराणमधल्या नतांझच्या सीमेन्स पीएलसीपर्यंत पोचला होता. तो गेला विंडोज संगणकाच्या वाटेने. प्रोग्राम भरण्यासाठी जो संगणक पीएलसीला जोडतात, त्यातून. आत शिरून त्याने यंत्रांचा वेग बदलला आणि पडद्यावर मात्र सगळे आलबेल दाखवले. तात्पर्य, गेटमन कितीही इमानी असला, तरी त्याच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते पाहिले पाहिजे. रात्रपाळीत सिनेमा पाहायला आणलेला पेन ड्राइव्ह यंत्राच्या संगणकाला लागता कामा नये. या नियमाला एक पैसाही लागत नाही.

एवढे झाल्यावर आमच्याच भागातली तीन यंत्रे घेऊ.

पहिले बर्फाच्या कारखान्याचे. सातपाटीसारख्या मासेमारीच्या बंदराला बर्फाशिवाय गती नाही. पावसाळी बंदी उठली की होड्या बर्फ भरूनच समुद्रात जातात. कारखान्यात अमोनियाचा कॉम्प्रेसर असतो, मिठाच्या थंडगार पाण्याचा हौद असतो आणि त्यात लाद्यांचे डबे बुडवलेले असतात. कारभाऱ्याचे काम सरळ आहे. आधी पाण्याचा पंप, मग कॉम्प्रेसर. दाब वाढला तर बंद, हौद पुरेसा थंड झाला तर बंद. इथे संगणकाची हुशारी काय कामाची? चांगल्या मोबाइल फोनच्या किमतीत मिळणारा लहान पीएलसी भरपूर झाला. काही ठिकाणी तर चार रिले पुरतात आणि गावातला वायरमन ते डोळे मिटून बदलतो. होड्या धक्क्याला लागलेल्या असताना मुंबईहून सॉफ्टवेअरवाला येईपर्यंत मासळी थांबत नाही.

दुसरे यंत्र चिंचणीकडचे. चिंचणी आणि आसपासच्या गावांत सोन्या-चांदीच्या दागिन्यांचे साचे कोरण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लोक त्याला डायमेकिंग म्हणतात. पोलादाच्या ठोकळ्यावर हाताने कोरलेली वेलबुट्टी पाहिली, तर कवीने मान खाली घालावी. या व्यवसायात आता सीएनसी यंत्रे आली आहेत. एक पान कोरायचे तर हत्याराला तिन्ही दिशांनी एकाच वेळी हलवत हजारो बिंदूंवरून न्यावे लागते. नक्षी मुळात संगणकावरच काढलेली असते. लहान पीएलसीला हे झेपायचे नाही. इथे संगणकाच्या जातीचा कारभारीच हवा. तो मध्येच अडला तर हत्यार मोडेल, ठोकळा वाया जाईल, दिवस बुडेल. नुकसान आहे, पण कोणाच्या जिवावर बेतत नाही, अर्थात यंत्राचे झाकण लावलेले असेल तर. हाताने कोरणाऱ्यांच्या पोटावर या यंत्राने आणलेला प्रश्न मात्र यापेक्षा मोठा आहे आणि त्याचे उत्तर कोणत्याही पॅनेलमध्ये नाही.

तिसरे यंत्र बोईसरच्या औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यातले. मोठे बंद भांडे, त्याला रिअ‍ॅक्टर म्हणतात. त्यात द्रव घालायचे, तापवायचे, निववायचे, ठरावीक वेगाने दुसरा द्रव सोडायचा. कधी कधी आतली क्रिया स्वतःच उष्णता सोडू लागते आणि थंड पाणी वेळेवर मिळाले नाही तर हाताबाहेर जाते. शिवाय औषधाच्या प्रत्येक घाण्याचा लेखी पुरावा ठेवावा लागतो. अमेरिकेला माल पाठवणाऱ्यांना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा संगणकीय नोंदींविषयीचा १९९७ सालचा नियम पाळावा लागतो. म्हणजे गेटमनही हवा आणि कारकूनही हवा. इथे शहाण्यांनी तडजोड काढली आहे. झडपा आणि तापमान पीएलसीकडे. नोंदी, आलेख आणि पडदा संगणकाकडे. या पडद्याच्या व्यवस्थेला स्काडा म्हणतात. संगणक गोठला तरी खाली पीएलसी आपल्या फेऱ्या मारत राहतो, थंड पाणी चालू राहते. मला विचाराल तर धोक्याच्या जागी हीच वाटणी सर्वांत शहाणपणाची.

आणि या दोघांच्याही वर एक तिसरा असावा लागतो. आमच्या वसाहतीतल्या स्फोटांचे आवाज आसपासच्या गावांनी ऐकलेले आहेत, आगींचा धूर पाहिलेला आहे. प्रत्येक घटनेचे कारण वेगळे असते, ते ठरवणे चौकशीचे काम. पण तत्त्व जुनेच आहे. जीव वाचवण्याची व्यवस्था ही रोजच्या कारभाऱ्याच्या हातात ठेवायची नाही, ती स्वतंत्र ठेवायची. लाल रंगाचे आपत्कालीन बटण दाबले की मोटारीची वीज तोडण्याचे काम साध्या प्रोग्रामच्या मर्जीवर सोपवायचे नाही. ते थेट तारांनी किंवा खास सुरक्षेसाठी प्रमाणित केलेल्या साधनांनी व्हायला हवे. भांड्यावरची दाब सोडणारी झडप तर केवळ स्प्रिंगच्या जोरावर उघडते. तिला ना पीएलसी माहीत, ना विंडोज. यंत्र दाखवायला आलेला विक्रेता रंगीत पडदा दाखवतो. आपण त्याला आधी लाल बटणाची तार कुठून कुठे जाते ते दाखवायला सांगावे.

यंत्र विकत घेताना आणखी काही गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. प्रोग्रामची प्रत कोणाकडे राहणार? त्याला पासवर्ड घातला असेल तर तो आपल्याला मिळणार का? पुष्कळदा यंत्र बनवणारा प्रोग्रामला कुलूप घालतो, पुढे त्याचा धंदा बंद होतो आणि चांगले धडधाकट यंत्र एका शब्दापायी लोखंड होऊन बसते. संगणक घेत असाल, तर त्याच्या संपूर्ण डिस्कची नक्कल काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवावी आणि त्या डिस्कवर यंत्र चालते की नाही, ते एकदा प्रत्यक्ष चालवून पाहावे. पीएलसी घेत असाल, तर अख्ख्या कारखान्यात शक्यतो एकाच घराण्याचे घ्यावेत, म्हणजे एक सुटा भाग चार यंत्रांना उपयोगी पडतो. पॅनेलच्या वायरिंगचा नकाशा दाराच्या आतल्या बाजूला हवा. साहेबांच्या कपाटात कुलूपबंद असलेला नकाशा रात्री कोणाच्याही उपयोगाचा नसतो.

सगळ्यात महत्त्वाचे, निवड करताना त्या बैठकीला रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनला बोलवावे. खरेदीच्या टेबलावर मालक असतो, विक्रेता असतो, हिशेबनीस असतो. पण पुढची वीस वर्षे ज्याला त्या कपाटापुढे उभे राहायचे आहे, तो मात्र नसतो. त्याला शिडी वाचता येत असेल, तर शिडीवाला कारभारी घ्यावा. संगणकच घ्यायचा असेल, तर यंत्राच्या किमतीतच त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च धरावा. पालघर-बोईसरच्या आयटीआयमधून दरवर्षी मुले बाहेर पडतात, त्यांना शिकण्याची हौस असते. त्यांच्या हाताला जे झेपेल तेच यंत्र आपल्या भागात टिकेल. कारण मुसळधार पावसात, गाड्या बंद असताना, तेवढेच हात कारखान्यापर्यंत पोचणार असतात.